बोट मिळण्याआधीची कापणी

इंजिनरूममध्ये ऋतू नसतात. वर डेकवर बर्फ पडत असो की ऊन पेटलेलं असो, खाली आमच्याकडे बाराही महिने तोच उकाडा, तोच तेलाचा वास आणि कान बधिर करणारा तोच आवाज. ऋतूचा पत्ता लागतो तो फक्त समुद्राच्या पाण्याचं तापमान लिहायच्या रकान्यात. आकडा खाली घसरला की समजायचं, वर कुणीतरी स्वेटर चढवला असेल. अकरा वर्षं मी असे ऋतू रकान्यांत भरतोय. त्यामुळे रजेवर महाडला आलो की मी थोडा हावऱ्यासारखा वागतो. बायको म्हणते, माणसं सुट्टीला आली की झोपा काढतात, तुम्ही गॅलरीत उभं राहून वास कसले घेत बसता?

वास घेतो हे खरं आहे. यंदा रजा नेमकी अश्विनात पडली. एरवी मी कधी लावणीला असायचो, कधी शिमग्याला, कापणी मात्र दर वेळी हुकायची. परवा सकाळी चहा घेत होतो आणि खालच्या रस्त्यावरून ओल्या पेंढ्याने भरलेला एक टेम्पो गेला. टेम्पो वळणाआड गेला तरी वास मागे राहिला. जरासा गोड, जरासा कुबट, ताज्या कापलेल्या भाताचा. शेजारी खुर्चीत बाबा पेपर वाचत होते. त्यांनीही पेपर खाली केला आणि मान लांब केली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. बापलेकांनी असल्या गोष्टी एकमेकांकडे बघून करायच्या नसतात, अशी आमच्या घराची शिस्त आहे.

पण त्या वासाने मला उचललं आणि थेट अकरा वर्षांपूर्वीच्या अश्विनात नेऊन टाकलं. तेव्हा मला नोकरी नव्हती.

आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. डोंगराच्या कुशीत पंधरा-वीस घरं आणि त्यांच्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भाताची खाचरं. त्या वाडीत मी पहिला मरीन इंजिनियर. आधी मेकॅनिकलची डिग्री, मग वर्षभराचा बोटींचा कोर्स, मग आग विझवायचं सर्टिफिकेट, बुडताना जगायचं सर्टिफिकेट, नाविकाचं सरकारी पुस्तक आणि पिवळ्या तापाची लस. माझ्या फाइलचं वजन बघून कुणालाही वाटलं असतं की हा उद्याच बोटीवर जाणार. मलाही तसंच वाटलं होतं. निकाल उन्हाळ्यात लागला. आमच्या तुकडीतली ओळखीपाळखीची मुलं मृगाच्या आत बोटींवर चढली. आमच्यासारखे उरले ते बेलापूर आणि अंधेरीच्या फुटपाथवर.

पहाटेची एसटी पकडायची, खणलेल्या हायवेवरून हाडं खिळखिळी करून घेत पनवेल गाठायचं, तिथून बेलापूर. मग एकेका इमारतीच्या दारात उभं राहायचं. आत सोडत नसत. वॉचमनच्या टेबलाखाली एक पुठ्ठ्याचं खोकं असे, त्यात अर्ज टाकायचा. ते खोकं संध्याकाळी कुठे जात असेल, याचा मी फार विचार करत नसे. कधीमधी आत बोलावलं तर पहिला प्रश्न एकच, की समुद्रावर किती महिने काढले? मी म्हणायचो, अजून नाही, पहिलीच बोट शोधतोय. ते म्हणायचे, आम्हाला थोडा अनुभव असलेला हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. त्यातून सहा महिने बोटीवर काढल्याशिवाय पहिल्या लायसन्सच्या परीक्षेलाही बसता येत नाही. म्हणजे शिकून झालेलं, पण अजून कुणीही झालेलो नाही, असा मी संध्याकाळच्या एसटीने परत वाडीवर.

वाडीने मात्र मला कधीच बेकार म्हटलं नाही. तिथे मी ‘बोटीचा इंजिनेर’ होतो. कुणाचा डिझेल पंप धूर ओकू लागला की बोलावणं मला. कुणाच्या भात झोडायच्या यंत्राचा पट्टा सुटला की पुन्हा मलाच. चिडवणंही भरपूर व्हायचं. आमच्या खालच्या घरातले गणूकाका, म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे दोस्त, मला बघितलं की हटकून विचारायचे, की बाबा रे, सावित्रीला पूर आला तर तुझी बोट महाडच्या बाजारपेठेपर्यंत येईल का? आणि स्वतःच हसायचे. मीही हसायचो. मनात मात्र दिवाळीची तारीख टोचत असायची. कारण दिवाळीपर्यंत बोट मिळाली नाही, तर बिरवाडीला जायचं ठरलं होतं. ताईचं बिऱ्हाड तिथेच होतं आणि भावोजींनी आपल्या फॅक्टरीत बॉयलरवर माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. वाईट नव्हती ती नोकरी. पण एकदा बिरवाडीच्या बॉयलरपाशी उभा राहिलो की समुद्र संपला, हे मला ठाऊक होतं. वर्ष गेलं की अर्ज जुना होतो, आणि जुना अर्ज त्या खोक्यातसुद्धा कुणी घेत नाही.

अशा मनःस्थितीत ती कापणी आली.

खरं सांगतो, त्या कापणीतला एकही दिवस मी तेव्हा धड बघितला नाही. डोळ्यांसमोर होता पण बघितला नाही. आता उलटं झालंय. आता भर समुद्रात, तेल साफ करणाऱ्या प्युरिफायरच्या घरघरीत, मला तो सगळा बारकाव्यांनिशी दिसतो. सकाळी दंवाने भिजलेली लोंबी पोटऱ्यांना लागायची, तेव्हाचा गारवा. बांधाबांधावर उभी असलेली कुर्डूची गुलाबी-पांढरी फुलं. दहा वाजता चटका देणारं ऊन, आणि अकरा वाजता आईने डोक्यावरून आणलेली नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा. शेणाने सारवलेलं खळं वाळत आलं की त्यावर अनवाणी चालताना पायाला लागणारा तो मऊ कोरडेपणा. कापलेल्या भाताची उडवी रचताना बाबा वर उभे असायचे आणि मी खालून भारे फेकायचो. माझा भारा वाकडा गेला तर ते काही बोलायचे नाहीत, नुसता सरळ करून घ्यायचे. मला वाटायचं, हे काय माझं आयुष्य आहे? मी पिस्टन उघडायला शिकलोय आणि इथे भारे फेकतोय.

आमच्याकडे कापणीला मजूर लावत नसत, सावड असायची. आज तुम्ही सगळे माझ्या शेतात, उद्या आपण सगळे तुमच्या. ज्याने जितके दिवस दिले, त्याला तितके परत द्यायचे, आणि तेही त्याचं भात पिकलेलं असताना. नंतर दिलेला दिवस काय कामाचा? यासाठी ना कागद ना साक्षीदार. आणि सावड कुणी मोडली तर भांडणही होत नसे. फक्त माणसं लक्षात ठेवायची. सावड मोडणारा आणि देवाचा नारळ पळवणारा, या दोघांना वाडी एकाच पंक्तीत बसवायची.

बाबांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. त्यांनी मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत पंधरा वर्षं लिफ्ट चालवली होती. लिफ्ट बटणावर चालायला लागली तेव्हा ते वाडीला परत आले. त्या पंधरा वर्षांतही कापणीला रजा काढून यायचे, कारण गावात आजोबांनी घेतलेले दिवस फेडायला माणूस हवा. सायबाने रजा नाकारली तर? असं मी एकदा लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, सायबाला समजावून सांगायचं, सायेबपण मानूसच असतो.

हे वाक्य पुढे मला चांगलंच भोवलं.

वाडीत मोबाइलला रेंज यायची ती एकाच जागी, वरच्या अंगाला पाण्याची टाकी होती तिच्या कठड्यावर. बेलापूरच्या एका ऑफिसात माझी मुलाखत बरी झाली होती, आणि फोन येईल असं तिथल्या मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणून मी रोज सकाळी फोन टाकीच्या कठड्यावर ठेवायचो आणि घरातलं कुणी ना कुणी जवळपास असायचं. त्या सोमवारी बाबांच्या बोटाला विळा लागला होता. चिंधी बांधून ते टाकीपाशी बसले आणि त्यांच्या जागी मी गणूकाकांच्या वरच्या खाचरात कापायला गेलो. सोमवार ते शुक्रवार आमच्या घराने गणूकाकांना दोन माणसं द्यायची होती. त्यांनी आमच्याकडे तितके दिवस आधीच दिले होते.

दुपारी फोन आला. मॅडमनी विचारलं, दिनेश उद्या मेडिकलला येऊ शकेल का? गुरुवारी सिंगापूरला बोटीवर चढायचं आहे. बाबांना हिंदी उत्तम येत होतं, ऑफिसच्या माणसांची सवय होती, आणि सायेबपण मानूसच असतो यावर श्रद्धा होती. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. शुक्रवारपर्यंत गणूच्या शेतावर सावड आहे, शब्द दिलेला आहे, भात पिकून उभं आहे. शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने पोराला पाठवतो. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे अंकल, नो प्रॉब्लेम. बाबांनी पंधरा वर्षांत लिफ्टमध्ये हजारदा ‘नो प्रॉब्लेम’ ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी खरोखरच प्रॉब्लेम नव्हता. त्यांनी फोन ठेवला, आणि बोट दुखत असतानाही तीन बांध उतरून खाली आले, सगळ्या शेताला बातमी द्यायला. बायामाणसांनी विळे थांबवले. गणूकाकांनी टोपी काढून हवेत हलवली. बाबा इतके हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते आणि त्यानंतरही नाही.

मी मात्र गुरुवार हा शब्द ऐकला आणि विळा टाकून टाकीकडे पळत सुटलो.

फोन कुणी उचलला नाही. संध्याकाळपर्यंत मी कठड्यावर बसून होतो. मंगळवारी सकाळी मॅडमनी उचलला आणि फार सभ्यपणे सांगितलं, की दुसऱ्या मुलाला पाठवलं, तुमच्या घरी काहीतरी फंक्शन आहे असं कळलं, पुढच्या वेळी बघू. त्यांचंही काय चुकलं? बोट पाच दिवस कुणाच्या भातासाठी बंदरात थांबत नाही. आज मी स्वतः खालच्या इंजिनियरची वाट बघत बंदरात ताटकळलेलो आहे आणि उशिरा आलेल्याला शिव्याही हासडलेल्या आहेत. पण तेव्हा मी टाकीवरून खाली आलो तो पेटलेलाच. बाबा अंगणात विळ्याला धार लावत होते, चिंधी बांधलेलं बोट बाजूला धरून. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, काय म्हनल्या?

मी म्हणालो, “तुमाला काय कळतं त्यातलं? लिफ्ट नाय ती बाबा. बोट हाय.”

एवढंच. यापेक्षा वाईट शब्द मी आयुष्यात पुष्कळ वापरले असतील, इंजिनरूमची भाषा काही कीर्तनाची नसते. पण या वाक्याची मला आजही लाज वाटते. कारण ते मोजूनमापून, जिथे लागेल तिथेच टाकलेलं होतं. बाबांनी विळ्याची धार अंगठ्याने तपासली आणि गणूकाकांच्या शेताकडे निघून गेले. त्या दिवशी मी गेलो नाही. घरात पाठ फिरवून पडून राहिलो.

बुधवारी पहाटे बाबा उठले, धुवट शर्ट घातला आणि आईला म्हणाले, बोट ठणकतंय, पोलादपूरला दाखवून येतो, उशीर झाला तर बिरवाडीला ताईकडे राहीन. मी जागा होतो. विचारलं नाही. आई दोनदा आत येऊन सांगून गेली, की गणूभावजींचं सगळं वरचं खाचर कापून पसरलंय, त्यांना दोन माणसं कमी आहेत, तू तरी जा. मी भिंतीकडे तोंड केलं. दुपारी प्रतापगडाच्या अंगाने ढग उतरला आणि परतीचा पाऊस आला. तासभर नुसता ओतला. कौलांवर तो आवाज चालू होता आणि मला माहीत होतं की खाली गणूकाका, काकी आणि असतील ती माणसं भारे उचलायला धावत असतील, आणि दोन माणसं कमी असताना ते आवरणार नाही. मी तरीही उठलो नाही. माझी बोट गेली होती ना. आता सगळ्या जगाचं भात भिजलं तरी माझं काय जात होतं?

वरच्या खाचरातलं भात भिजलं. पुढच्या दोन दिवसांत त्याला कोंब आले. गणूकाकांनी ते झोडलं, वाळवलं आणि जे काळं पडलं ते कोंबड्यांना घातलं. आमच्या दारावरून जाताना त्यांनी मला नेहमीसारखी हाक मारली. फक्त सावित्रीच्या पुराचा तो विनोद त्या आठवड्यात त्यांनी केला नाही.

बाबा गुरुवारी दुपारी आले, बोटाला नवी पट्टी बांधून. आमचं बोलणं बंदच होतं. मग आठवड्याभराने, धनत्रयोदशीच्या सकाळी, त्याच ऑफिसातून फोन आला. मॅडम म्हणाल्या, एक मुलगा मेडिकलमध्ये गळला, तुम्ही येता का? यावेळी फोन माझ्याच हातात होता. पाडव्याला मी निघालो. बाबा पोलादपूरच्या स्टँडपर्यंत आले, एसटीच्या खिडकीपाशी उभे राहिले. मला माफी मागायची होती. पण कंडक्टरने घंटी ओढली, गाडी हलली, आणि मी म्हणालो, बोटाला पाणी लावू नका. ते म्हणाले, तू पोचलास की कळव.

पहिल्या बोटीची ही हकिगत मी नंतर कितीतरी वेळा सांगितली. मेसमध्ये, नव्या पोरांना, भाषण ठोकल्यासारखी. हरू नका रे, मी एकट्याने धडपडून, पन्नास दारं ठोठावून बोट मिळवली. बाबांच्या फोनचा किस्सा सांगून हशाही मिळवायचो. पावसाचा दिवस मात्र गाळायचो. माणूस स्वतःच्या गोष्टीत स्वतःला जरा बरा ठेवतोच.

आणि बोटीवर गंमत अशी झाली, की जिच्यासाठी एवढा जीव टाकला, ती बोट मिळाल्याच्या तिसऱ्या महिन्यात मला वाडी आठवायला लागली. घर नव्हे. घर सगळ्यांनाच आठवतं. मला आठवायची ती नोकरी नसलेली कापणी. रेंज नसलेली दुपार, पायाला चिकटलेलं तूस, बायकांच्या ओळीतून येणारी हसण्याची खसखस. ज्या दिवसांतून सुटायची मी इतकी घाई केली, तेच दिवस मागे लागले. आता तर वर चढत चढत मी सेकंड इंजिनियर झालो, महाडला फ्लॅट घेतला, आईबाबांना खाली आणलं. बाबांचे गुडघे गेले, आमची खाचरं पडीक पडली. सगळं ठरवल्याप्रमाणे झालंय. आणि तरी मला तो अश्विन परत हवाय. सगळा हवाय, त्यातल्या त्या मंगळवार-बुधवारासकट, म्हणजे मला अंथरुणातून उठता येईल.

तर परवा तो टेम्पो गेला आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी फर्मान काढलं की वाडीवर जायचं. आई म्हणाली, गुडघ्यांचं काय? ते म्हणाले, गुडघे गाडीत बसतात. सकाळी निघालो. पोलादपूर सोडलं आणि घाटाच्या अंगाला वळलो तसे बाबा काचेला नाक लावून बसले. पूर्वी या दिवसांत तिथून खाली नुसता पिवळा उतार दिसायचा. आता गवत होतं, पुरुषभर वाढलेलं, आमच्या खाचरांत आणि शेजाऱ्यांच्याही. बरीच दारं बंद होती. माणसं मुंबईला, पनवेलला, महाडला. मधोमध एकच तुकडा पिकलेला होता, गणूकाकांचा, आणि त्यात दोनच पाठी वाकलेल्या होत्या, त्यांची आणि काकीची. मुलगे मुंबईत. सावड करायला आता दुसरं घरच उरलेलं नाही.

बाबा बांधाला धरून धरून उतरले. गाडीतून उतरतानाच त्यांनी मागच्या सीटवरची कापडी पिशवी मी घ्यावी म्हणून खूण केली होती. पिशवीत आमचा जुना विळा होता. महाडच्या बाजारातून केव्हातरी गुपचूप पाजवून आणलेला, लखलखीत. मला तेव्हा कळलं की हे नुसतं वाडी बघायला आलेले नाहीत.

गणूकाका कंबर धरून उभे राहिले. इतक्या वर्षांनी भेटलेल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना बघून जे करायचं ते काहीच त्यांनी केलं नाही. बाबा सरळ म्हणाले, “गणू, तुजा एक दिवस माज्याकडं ऱ्हायलाय.”

गणूकाकांना कळायला क्षणभर लागला. मग ते हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “याला ठावं हाय का नाय तो दिवस?”

मग जे ऐकलं ते मी गणूकाकांच्या तोंडून ऐकलं, बाबा शेजारी बांधावर बसून गवताच्या काड्या मोडत असताना. त्या बुधवारी पहाटे, पोलादपूरची गाडी पकडायच्या आधी, बाबा गणूकाकांच्या ओट्यावर गेले होते. म्हणाले होते, आयुष्यात पहिल्यांदा सावड मोडतोय, पोराचं काम माझ्या हातून बिघडलंय, ते सांधायला जातो. गणूकाका म्हणाले, जा. मग बाबा बेलापूरला गेले. अर्ज टाकायच्या त्या खोक्यामागे बसणारा वॉचमन खेडचा निघाला. एका लिफ्टवाल्याने एका वॉचमनला काय सांगितलं असेल कोण जाणे, पण त्याने बाबांना वर सोडलं. दिवसभर ते मॅडमच्या केबिनबाहेर उभे होते, कुणी बसा म्हटलं तरी न बसता. ऑफिस सुटताना मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांना एवढंच म्हणाले, की पोरगा तयार होता, मधे मी आलो. चूक माझी आहे, त्याचं नाव कापू नका.

अकरा वर्षं मी ज्या पन्नास दारांची बढाई मारली, त्यातलं उघडलेलं एकमेव दार बाबांनी उघडून घेतलं होतं. मी घरात भिंतीकडे तोंड करून पडलो होतो तेव्हा. आणि तिकडे त्याच तासाला गणूकाकांचं भात भिजत होतं. माझ्या बोटीची किंमत दोन घरांनी मोजली आणि दोघांपैकी कुणीही मला कधी त्याची पावती दाखवली नाही.

मी पिशवीतून विळा काढला. बाबांना वाकता येत नव्हतं, तेव्हा तो दिवस माझाच होता. तसा तो पहिल्यापासून माझाच होता. मी पात धरली आणि कापायला लागलो. हात विसरले होते, पहिल्या चार मुठी वेड्यावाकड्या आल्या, मग जरा लय लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलं नाही. घाम आहे असं समजायला तिथे सगळ्यांना सोय होती. हातभर गेलो असेन नसेन, तोच गणूकाका पुढे आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

“दिनू, ऱ्हावं दे,” ते म्हणाले. “ठेव तो इळा.”

मी म्हणालो, काका, आजचा दिवस करू द्या. मला करायलाच हवा.

त्यांनी हात सोडला नाही. आजूबाजूच्या गवताकडे एकदा बघितलं, बंद घरांकडे बघितलं, मग बांधावर बसलेल्या बाबांकडे. म्हणाले, “आज फेडलास तर उद्या हितं यायला तुमाला काय कारन ऱ्हाईल? तुजा बापूस त्या एका दिवसापायी आलाय. आसू दे तो तुमच्याकडंच.”

बाबांनी मान खाली घातली. मी विळा ठेवला. काकीने तांब्याभर पाणी आणून दिलं आणि गणूकाका पुन्हा आपल्या पातीला लागले, मागे न बघता, त्यांच्या त्या संथ, न थकणाऱ्या हाताने. मी बाबांच्या शेजारी जाऊन बसलो. अकरा वर्षं उशिराने त्यांना म्हणालो, बाबा, चुकलं माझं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. समोर दोन म्हातारी माणसं भात कापत होती, विळ्यांचा आवाज येत होता, आणि आम्हा दोघांना तिथे बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं.